वाटीभर तांदूळ म्हणजे किती ग्रॅम? एकदाच करून ठेवायचं गणित

कृतीत लिहिलेलं असतं '३०० ग्रॅम तांदूळ' आणि ओट्यावर असते वाटी. नाहीतर उलटं: कृती म्हणते 'दीड कप' आणि आपल्याला काट्यावर मोजायची सवय. अशा वेळी बहुतेकांच्या डोक्यात एकच हिशेब येतो, की कप २५० मिलीचा आहे तर कपभर तांदूळ २५० ग्रॅम भरणार. पाण्याच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे. तांदळाच्या बाबतीत हा हिशेब कपामागे चाळीस ते पंचावन्न ग्रॅमने चुकतो.

नुसते तांदूळ थोडे जास्त-कमी झाले तर फार बिघडत नाही, कुणीतरी दोन घास जास्त खाईल किंवा उरलेला भात दुसऱ्या दिवशी संपेल. खरी गोची पाण्याशी होते. तांदूळ वजनाने घेतले आणि पाण्याचं प्रमाण कपाच्या हिशेबातलं वापरलं, की भात कच्चट राहतो किंवा त्याचा गिचका होतो आणि दोष जातो तांदळाला.

पुढे आकडे दिले आहेत, पण त्यांच्यावर पूर्ण विसंबू नका. तुमची वाटी आणि तुमच्या डब्यातले तांदूळ एकदा मोजा, आलेला आकडा डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. दहा मिनिटांचं काम आहे आणि पुन्हा करावं लागत नाही.

आधी शब्दांचं

मराठीत आपली एक चांगली सोय आहे. कच्चा तो तांदूळ, शिजला की भात. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द चालतो, त्यामुळे इंग्रजी कृतीत दोन कप कच्चे घ्यायचे की शिजलेले, हे वाक्याच्या संदर्भावरून ओळखावं लागतं. भाषांतर करून लिहिलेल्या मराठी कृतींमध्येही हा घोळ उतरतो. 'दोन कप तांदूळ घालून परता' असं वाचलं आणि आसपास शिजवण्याचा उल्लेखच नसेल, तर तिथे भात अभिप्रेत आहे असं समजा. दोन्हींच्या कपाचं वजन वेगळं असतं आणि एकाचा दुसरा होताना वजन पावणेतीन पट वाढतं. म्हणून रूपांतराला हात घालण्याआधी आपण कशाबद्दल बोलतोय ते नक्की करून घ्या. खाली मी 'तांदूळ' म्हणेन तिथे कच्चे, कोरडे तांदूळ.

कपात तांदूळ किती आणि हवा किती

एक प्रयोग करून बघण्यासारखा आहे. २४० मिलीचा कप तांदळाने काठोकाठ भरा आणि त्यात हळूहळू पाणी ओता. कप भरलेला दिसत असूनही पाणी आत जात राहतं, दाण्यांमधून बुडबुडे वर येतात आणि काठाला पाणी लागेपर्यंत शंभर मिलीच्या आसपास पाणी त्याच कपात मावलेलं असतं. तेवढी जागा हवेची होती.

तांदळाचा दाणा पाण्यापेक्षा जड असतो, म्हणून तर तो बुडतो. पण दाणे एकमेकांवर पडतात तेव्हा मधे फटी राहतात आणि ढिगाचा चाळीस-पंचेचाळीस टक्के भाग ही पोकळीच असते. त्यामुळे ढीग म्हणून तांदूळ पाण्यापेक्षा हलके भरतात: एका मिलीत साधारण ०.७८ ते ०.८५ ग्रॅम.

दाण्याचा आकार बदलला की पोकळी बदलते. लांब, सडपातळ दाणे आडवेतिडवे पडतात आणि फटी मोठ्या राहतात. आखूड, गोलसर दाणे एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून त्याच कपात ते जास्त वजनाचे मावतात. तांदळात कणी जास्त असेल तर तुकडे फटींमध्ये शिरतात आणि वजन आणखी वाढतं.

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या अन्नघटक तक्त्यांमध्ये एका अमेरिकी कपाला (म्हणजे २३६.६ मिली) ही वजनं दिलेली आहेत:

- लांब दाण्याचे पांढरे तांदूळ: १८५ ग्रॅम
- मध्यम दाण्याचे: १९५ ग्रॅम
- आखूड दाण्याचे: २०० ग्रॅम
- लांब दाण्याचे ब्राऊन, म्हणजे कोंड्यासकट: १८५ ग्रॅम
- 'वाइल्ड राइस', जे खरं तर वेगळ्याच गवताचं बी आहे: १६० ग्रॅम
- तांदळाचं पीठ: १५८ ग्रॅम

गंमत म्हणून सांगतो, त्याच कपात फुगवलेले तांदूळ, म्हणजे चुरमुऱ्यांसारखा प्रकार, फक्त १४ ग्रॅम मावतो. माप तेच, वजन तेरावा हिस्सा.

या आकड्यांना कपाच्या आकारमानाने भागलं की दर मिलीचं वजन मिळतं: लांब दाणा ०.७८, मध्यम ०.८२, आखूड ०.८५. हेच तीन आकडे खरे कामाचे. कप कुठलाही असो, त्याच्या मिलीला यांनी गुणायचं.

पण कप कुठला?

'कप' या शब्दाखाली जगात निदान चार-पाच वेगवेगळी मापं चालतात. अमेरिकेतला कप २३६.६ मिलीचा, तिथल्याच पोषणमूल्यांच्या लेबलांवरचा २४० मिलीचा. ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी मेट्रिक कप २५० मिलीचा. जपानी कृतींमधला कप २०० मिलीचा. आणि राइस कुकरबरोबर जो प्लास्टिकचा पेला येतो तो बहुतेक वेळा १८० मिलीचा. हे १८० मिली म्हणजे जपानमधलं 'गो' हे जुनं माप, आणि तिथे एक गो म्हणजे १५० ग्रॅम तांदूळ असं धरतात. आपल्या आकड्याने ताडून बघा: १८० गुणिले ०.८५ म्हणजे १५३. जुळतंय.

या पेल्यापायी माझी एकदा चांगली फजिती झाली आहे. राइस कुकरचा पेला कुठेतरी हरवला. मी म्हटलं, कप म्हणजे कप, आणि मापाच्या संचातल्या २४० मिलीच्या कपाने तीन कप तांदूळ घेतले. भांड्याच्या आतल्या '३' च्या रेघेपर्यंत पाणी भरलं. ती रेघ तीन पेल्यांसाठी, म्हणजे ५४० मिली तांदळांसाठी होती. मी घातले होते ७२० मिली. तांदूळ एक तृतीयांश जास्त, आणि तांदळांनी जास्त जागा अडवल्यामुळे पाणी उलट कमी मावलेलं. झाकण उघडलं तेव्हा वरचा थर दाताखाली कडकड वाजत होता. त्यानंतर मी घरातल्या प्रत्येक पेल्याच्या बुडाला मार्करने त्याचे मिली लिहून ठेवले.

वाटीची गोष्ट तर विचारूच नका. १०० मिलीची असते, १५० ची असते, २०० ची असते, आणि सगळ्यांना आपण 'एक वाटी' म्हणतो. म्हणून कोष्टकातून वाटीचं वजन शोधायला जाऊ नका, ते मोजूनच कळतं.

आपली वाटी मोजण्याची रीत

लागणार काय: १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, वाटी, पाणी, तांदूळ आणि सरळ धारेची सुरी किंवा पट्टी.

पहिलं काम वाटीचे मिली काढायचं. काटा सपाट जागी ठेवा. ओटा उताराचा असेल किंवा खाली फडकं असेल तर आकडा चुकतो. कोरडी वाटी ठेवून 'टेअर'चं बटण दाबा, म्हणजे काटा शून्यावर येईल. आता पाणी भरा. अगदी काठाशी आलं की पाणी वर किंचित फुगून राहतं, तिथवर जाऊ नका; पाणी काठाच्या पातळीला आलं की थांबा. काट्यावर जितके ग्रॅम तितके वाटीचे मिली. साध्या पाण्यासाठी एक ग्रॅम म्हणजे एक मिली हे स्वयंपाकघरात निर्धास्त धरावं.

मग वाटी पुसून अगदी कोरडी करा. ओली राहिली तर दाणे चिकटतात. पुन्हा शून्य करा आणि तांदूळ ओता. वाटी डब्यात खुपसून भरू नका, वरून सैल ओता, शीग येऊ द्या आणि मग सुरीची पाठ वाटीच्या काठावरून एकदाच सरकवा. जास्तीचे दाणे खाली पडतील. सुरी दाबायची नाही, दाबली की दाणे आत रेटले जातात. काट्यावरचा आकडा लिहा. तांदूळ परत डब्यात टाका आणि हेच आणखी दोनदा करा. तीन आकड्यांची सरासरी म्हणजे तुमची वाटी.

माझ्या रोजच्या वाटीत १६४ मिली पाणी मावतं. तांदळाचे तीन आकडे आले १२९, १३१ आणि १२८. सरासरी १२९. एकशे एकोणतीसला एकशे चौसष्टने भागलं तर ०.७९, म्हणजे लांब दाण्याच्या आकड्याच्या अगदी जवळ. मग उत्सुकता म्हणून तीच वाटी ओट्यावर चार वेळा आपटली, दाणे खाली बसले, वर झालेली जागा पुन्हा भरली आणि मोजलं तर १३९. नुसत्या आपटण्याने दहा ग्रॅमचा फरक! म्हणून आपटायचं की नाही यावर वाद घालू नका, फक्त दर वेळी एकच रीत ठेवा. मी सैल भरून सपाट करतो, कारण तेच हात पुन्हापुन्हा सारखं करू शकतो. शिगोशीग भरलेली वाटी मात्र मोजमापाच्या कामाची नाही. आजची शीग आणि उद्याची शीग कधीच सारखी येत नाही.

आता ३०० ग्रॅम हवे असतील तर ३०० ला १२९ ने भागा: २.३. दोन सपाट वाट्या आणि वर तिसरीचा एक तृतीयांश. उलट जायचं तर गुणायचं. काट्यावर एक-एक ग्रॅम दिसतो म्हणून एका ग्रॅमसाठी दाणे वेचत बसू नका. पाच ग्रॅमपर्यंतचा फरक भाताला कळत नाही.

काटा नसेल तर

तांदळाचं न फोडलेलं पाकीट हाच तुमचा वजनकाटा. एक किलोचं पाकीट फोडा आणि सपाट वाट्या मोजत डब्यात रिकामं करा. शेवटची वाटी अर्धी की पाऊण, तेही बघा. माझ्या वाटीने पावणेआठ भरतात. हजाराला ७.७५ ने भागलं की १२९. काट्याने आलेला आकडाच परत मिळाला.

वाटीचे मिली हवे असतील तर एक लिटर पाण्याची सीलबंद बाटली घेऊन हाच खेळ पाण्याने करा. सहा वाट्या आणि वर जेमतेम एक घोट उरला तर वाटी १६४-१६५ मिलीची.

घाईच्या वेळी: सव्वापट

रोज कोण भागाकार करणार? तांदळाचं दर मिलीचं वजन ०.८ धरलं तर सगळं गणित एका शब्दात मावतं: सव्वा.

ग्रॅमची सव्वापट करा, मिली मिळतात. २०० ग्रॅम म्हणजे २५० मिली, ४०० ग्रॅम म्हणजे अर्धा लिटर. उलट, मिलीतून पाचवा हिस्सा वजा करा, ग्रॅम मिळतात. २५० मिलीतून ५० गेले, २०० ग्रॅम. ज्यांनी लहानपणी सवायकी पाठ केली आहे त्यांना तर कागदही लागणार नाही.

यात चूक किती? लांब दाण्याला दोनेक टक्के, आखूड दाण्याला पाच टक्क्यांच्या आसपास. आखूड दाण्यासाठी सहाव्या हिश्श्याहून किंचित कमी वजा केलं तर तीही निघून जाते. पिठासाठी हे लागू नाही. पीठ हवा धरतं, चाळल्यावर आणखी हलकं होतं, दाबलं की बसतं. ते वजनानेच घ्यावं.

चमच्यांचं एका ओळीत: १५ मिलीचा मोठा चमचा सपाट भरला तर १२ ग्रॅम, ५ मिलीचा छोटा ४ ग्रॅम. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा २० मिलीचा असतो, तिथली कृती असेल तर १६ ग्रॅम धरा.

औंसाचा एक सापळा मात्र सांगितला पाहिजे. औंस वजनाचाही असतो आणि द्रवाचाही. अमेरिकी कपावर '८ औंस' लिहिलेलं असतं तो द्रवाचा औंस. त्या कपात भरलेले तांदूळ वजनाने साडेसहा औंस असतात. कृतीत '८ औंस तांदूळ' असेल तर ते वजन आहे, म्हणजे २२७ ग्रॅम. त्याला कप लागतो सव्वापेक्षा थोडा कमीच. पौंड असेल तर ४५४ ग्रॅम, लांब दाण्याचे जवळजवळ अडीच कप.

पाणी: प्रमाणालाही एकक असतं

सगळ्यात जास्त भात इथे बिघडतो, म्हणून जरा थांबून वाचा.

'एकास दोन पाणी' हे वाक्य अर्धवट आहे. एक काय आणि दोन काय? एक वाटी तांदूळ आणि त्याच वाटीने दोन वाट्या पाणी असेल, तर ते आकारमानाचं प्रमाण. वाटी कुठलीही असली तरी ते बरोबरच येतं, कारण दोन्ही बाजूंना तीच वाटी आहे. एकाच वाटीने तांदूळ आणि पाणी घेणाऱ्याला या लेखाची गरजच नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या भात बिनचूक होत आला तो त्यामुळेच.

पण कुणी काटा आणला आणि २०० ग्रॅम तांदळांना ४०० ग्रॅम पाणी घातलं तर? दिसायला एकास दोनच आहे. प्रत्यक्षात २०० ग्रॅम लांब दाणे म्हणजे २५६ मिली. त्यांना वाटीच्या हिशेबाने ५१२ मिली पाणी हवं होतं. मिळालं ४००, म्हणजे जवळपास एकास दीड. शंभर मिलीहून जास्त पाणी कमी पडलं.

उलटही होतं. कृतीत वजनाने एकास दीड दिलेलं असेल आणि तुम्ही वाटीने एकास दीड घेतलंत, तर वजनाच्या हिशेबात ते एकास एक पूर्णांक नऊ झालं. भात ओलसर, शितं फुटलेली.

रूपांतर सोपं आहे, आणि इथेही सव्वाच कामाला येतो. वाटीचं प्रमाण वजनात न्यायचं तर पाण्याचा आकडा सव्वापट करा. वजनाचं प्रमाण वाटीत आणायचं तर पाचवा हिस्सा कमी करा. अगदी नेमकं हवं असेल तर दर मिलीच्या वजनाने, म्हणजे ०.७८ किंवा ०.८५ ने, भागा किंवा गुणा.

झाकण लावून, सगळं पाणी जिरवून शिजवताना पांढऱ्या लांब दाण्याला वाटीने दीड ते दोन पाणी लागतं. वजनाने ते होतं १.९ ते २.६. आखूड दाण्याला वाटीने १.१ ते १.२५, वजनाने १.३ ते १.५. ब्राऊनला वाटीने दोनपासून अडीचपर्यंत. जुने तांदूळ वरच्या टोकाकडे, नवे खालच्या टोकाकडे. यापुढे तुमचं भांडं आणि तुमची आवड ठरवेल. भरपूर पाण्यात शिजवून पाणी गाळून टाकत असाल, तर पाण्याचा हा सगळा भाग सोडून द्या, तुम्हाला प्रमाण लागतच नाही.

धुतलेल्या तांदळांचं वजन

तांदूळ मोजायचे ते कोरडे असताना, धुण्याआधी. धुऊन, अर्धा तास भिजवून, निथळून घेतलेले तांदूळ मूळ वजनापेक्षा वीस-तीस टक्क्यांनी जड झालेले असतात. भिजलेला दाणा फुगलेलाही असतो, त्यामुळे वाटीनेही माप चुकतं. भिजवल्यावर आठवलं, की काटा असून उपयोग नाही.

पण काट्याची एक युक्ती इथेच फार उपयोगी पडते आणि मला ती वाटीपेक्षा सरस वाटते. पाणी वेगळं मोजायचंच नाही, एकूण वजन ठरवायचं. समजा कोरडे तांदूळ २०० ग्रॅम आणि पाणी वजनाने १.९ पट, म्हणजे ३८०. एकूण ५८०. तांदूळ धुवा, हवे तितके भिजवा, निथळा. रिकामं भांडं काट्यावर ठेवून शून्य करा. ओले तांदूळ घाला. काटा समजा २५५ दाखवेल. आता ५८० होईपर्यंत पाणी ओता. दाण्यांनी आधीच प्यायलेलं आणि अंगाला चिकटलेलं ५५ ग्रॅम पाणी आपोआप हिशेबात आलं. निथळायला दोन मिनिटं दिली की पाच, याने काही फरक पडत नाही. भाज्या वगैरे घालायच्या असतील तर काटा ५८० ला पोचल्यानंतर घाला.

दुप्पट तांदळांना दुप्पट पाणी का लागत नाही

भांड्यातलं पाणी दोन वाटांनी जातं. काही तांदूळ पितात, काही वाफ होऊन उडतं. तांदूळ पितात ते त्यांच्या वजनाच्या प्रमाणात. उडणारं मात्र भांड्याचा घेर, झाकण, आच आणि वेळ यांवर ठरतं. त्याला तांदूळ किती आहेत याच्याशी फारसं देणंघेणं नाही. म्हणून प्रमाण सरळ दुप्पट केलं की मोठ्या भांड्यातला भात खाली ओला राहतो.

आपल्या भांड्याचं उडणारं पाणी मोजता येतं. शिजवण्याआधी तांदूळ आणि पाणी मिळून वजन लिहून ठेवा, भात झाल्यावर भांड्यासकट तोला आणि रिकाम्या भांड्याचं वजन वजा करा. गरम भांडं थेट काट्यावर ठेवू नका, खाली लाकडी पाट ठेवून मग शून्य करा. समजा २०० ग्रॅम तांदूळ आणि ४५० पाणी, एकूण ६५०. भात भरला ५६०. म्हणजे ९० ग्रॅम उडालं आणि तांदळांनी ३६० घेतलं, म्हणजे वजनाच्या १.८ पट. हा भात आवडला असेल, तर पुढच्या वेळी ४०० ग्रॅमला पाणी किती? प्यायला ७२०, उडायला ९०, एकूण ८१०. सरळ दुप्पट केलं असतं तर ९००.

शिट्टीच्या कुकरमध्ये आणि घट्ट झाकणाच्या विजेच्या कुकरमध्ये उडणारं पाणी कमी असतं, त्यामुळे तिथे प्रमाण दुप्पट केलं तरी फार बिघडत नाही. उघड्या पातेल्यात ही चूक लगेच दिसते.

शिजल्यावर

लांब दाण्याचा पांढरा शिजलेला भात, सैल भरलेला, अमेरिकी कपात १५८ ग्रॅम बसतो. मध्यम दाण्याचा १८६, कारण शितं एकमेकांना धरून बसतात. दाबून भरलात तर आकडा कितीही वाढेल. शितावरून भाताची परीक्षा होते, पण वजन होत नाही. त्याला पूर्ण भांडं तोलावं लागतं.

कच्च्यापासून शिजल्यापर्यंत वजन साधारण २.८ पट होतं. शंभर ग्रॅम तांदळांत ३६५ च्या आसपास किलोकॅलरी, शंभर ग्रॅम भातात १३०. भागाकार केला तर तोच २.८ मिळतो. वाढतं ते सगळं पाणी. आहाराची नोंद ठेवणाऱ्यांची मोठी चूक इथे होते: ताटातला भात तोलायचा आणि कच्च्या तांदळाचा आकडा लावायचा. बरोबर रीत अशी, की पूर्ण भाताच्या वजनाला कच्च्या तांदळांच्या वजनाने भागून आजचा आकडा काढा. ३०० ग्रॅमचा ८४० ग्रॅम भात झाला तर २.८. ताटात २१० ग्रॅम घेतला, तर पोटात गेले ७५ ग्रॅम तांदूळ. मऊ भात केला त्या दिवशी हा आकडा तीनच्या पुढे जाईल, मोकळा केला त्या दिवशी अडीचवर येईल. कोष्टकातल्या २.८ पेक्षा तुमचा त्या दिवशीचा आकडा खरा.

कृतीत 'दोन कप शिजलेला भात' असेल तर उलट या: ३१६ ग्रॅम भात, भागिले २.८, म्हणजे ११५ ग्रॅमच्या आसपास तांदूळ. कपाने हे अर्ध्यापेक्षा थोडे जास्त.

डबा घेताना

हेच गणित भांडी घेताना उपयोगी पडतं. साठवणीच्या डब्यावर ५ लिटर लिहिलेलं असतं आणि आपण त्याला 'पाच किलोचा डबा' म्हणतो. लांब दाण्याचे तांदूळ त्यात ३.९ किलोच मावतात, तेही काठोकाठ. पाच किलोच्या पाकिटाला ६.४ लिटर जागा लागते. वर हात घालायला आणि मापाचा पेला ठेवायला जागा धरली तर सात-साडेसात लिटरचा डबा बघा. आणि पेला त्याच डब्यात ठेवा, म्हणजे तो हरवणार नाही.